घरातील वर्ग आणि इतिहासाची निवड

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीने इतिहास आणि साहित्य या दोन विषयांत काय वाचावे, असा प्रश्न चारकोपमधील एका कुटुंबाने आम्हांला विचारला. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे पुस्तकांची यादी करून देणे हे आमच्या नित्याच्या कामासारखेच होते. परंतु यादी करण्याआधी निवडीचे तत्त्व ठरवावे लागते, आणि या तत्त्वाविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. शाळेतील मुलाच्या बाबतीत ही निवड मंडळ करते आणि शिक्षक राबवतो. पालकाला तिच्याशी फक्त जुळवून घ्यावे लागते. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र ती आईवडिलांनाच करावी लागते. प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार मराठीतील घरच्या शिक्षणाच्या इतिहासाच्या आधाराने केला आहे.

गृहशिक्षण ही अलीकडे अमेरिकेतून आलेली कल्पना आहे, असा सर्वसाधारण समज आहे, आणि आजच्या चळवळीपुरता तो चुकीचा नाही. जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी एक नियतकालिक सुरू केले, तेव्हापासून या चळवळीला आकार येत गेला. इंग्लंडच्या शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी त्यापूर्वीच, मुलांना सारांशवजा पाठ्यपुस्तकांऐवजी जिवंत ग्रंथ वाचायला द्यावेत आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे, असा आग्रह धरला होता. जेसी वाइज आणि सुझन वाइज बाउअर या मायलेकींचे १९९९ मधील 'द वेल-ट्रेन्ड माइंड' हे पुस्तक इतिहासाला सर्व अभ्यासाचा कणा मानते आणि चार वर्षांच्या फेरीत जगाचा इतिहास शिकवण्याची योजना मांडते : प्राचीन, मध्ययुगीन, आरंभीचा आधुनिक आणि आधुनिक काळ. त्या त्या वर्षी त्या त्या काळातील साहित्य वाचायचे. अशा योजनांवर बेतलेले तयार संच आज मुंबईतील पालकही मागवतात. पुस्तके, वर्षभराचे वेळापत्रक आणि प्रश्नपत्रिका असे सारे एकाच खोक्यात येते.

इतिहास आणि साहित्य जोडीने शिकवण्याची या योजनेतील कल्पना आम्हांला मान्य आहे. अडचण आहे ती काळाच्या मांडणीची. युरोपातील प्रबोधनकाळ हा या फेरीचा मध्य आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडे जे घडले ते त्याच्या संदर्भात बसवले जाते. सातवाहन, यादव, महानुभाव आणि वारकरी परंपरा, बहमनी राजवट, शिवशाही, पेशवाई, सत्यशोधक चळवळ हा क्रम ज्या मुलीच्या भाषेत आणि आडनावांत भिनलेला आहे, तिला या फेरीत स्वतःचा पत्ता सापडत नाही. शिवाय २०२० च्या कायद्याने राज्यातील शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य झाली असली, तरी तो कायदा शाळांसाठी आहे. इंग्रजी संच घेणाऱ्या घरात मराठी साहित्य वगळले गेले, तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मग मंडळाची पुस्तके घ्यावीत काय? त्यांच्याविषयी सुशिक्षित घरांत जी सरसकट तुच्छता आढळते, ती आम्हांला पटत नाही. बालभारतीचे २०१८ मध्ये आलेले दहावीचे इतिहासाचे पुस्तक इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांपासून सुरू होते आणि पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन अशा विषयांकडे वळते. इतिहास लिहिला जातो, तो आयता मिळत नाही, हे शालेय पातळीवर सांगणे ही लहान गोष्ट नाही. तरी इतिहासलेखनाविषयीची माहिती म्हणजे इतिहासलेखनाचा अनुभव नव्हे. राजवाड्यांनी अस्सल साधनांवर भर दिला, हे वाक्य पाठ करणारा विद्यार्थी अस्सल साधन म्हणजे एकही जुने पत्र न वाचता उत्तीर्ण होतो. साहित्याच्या पुस्तकात उतारे येतात आणि इतिहासाच्या पुस्तकात घटना. दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात असूनही त्यांची एकमेकांशी भेट होत नाही.

प्रश्न असा उरतो की घरच्या अभ्यासक्रमाने या दोहोंपेक्षा वेगळे काय करावे. येथे आपला स्वतःचा इतिहास उपयोगी पडतो.

*

मराठ्यांचा इतिहास मराठी शाळांत शिरला तो एका इंग्रज अधिकाऱ्याच्या ग्रंथामार्फत. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफचा तीन खंडांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला छापला गेला. कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी केलेले त्याचे भाषांतर 'मराठ्यांची बखर' या नावाने १८२९–३० च्या सुमारास निघाले आणि पुढे शाळांतून वाचले जाऊ लागले. मराठी मुलांच्या काही पिढ्यांनी आपल्या पूर्वजांचा इतिहास या अनुवादातून जाणला. त्या पिढ्यांपैकीच नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने विद्यार्थिदशेत ग्रँट डफच्या ग्रंथावर टीकालेख लिहिला. तो पुण्यातील तरुणांच्या सभेत वाचला गेला आणि १८६८ मध्ये 'विविधज्ञानविस्तारा'त प्रसिद्ध झाला. डफने वापरलेली साधने पुरेशी होती काय आणि त्याचे निष्कर्ष त्यांच्यावर उभे राहतात काय, अशी तपासणी कीर्तने यांनी केली. मराठ्यांच्या इतिहासलेखनाची आधुनिक परंपरा आपण बहुधा या लेखापासून मोजतो. म्हणजेच नेमलेल्या पुस्तकाशी एका विद्यार्थ्याने काढलेल्या भांडणापासून ती मोजतो.

हे भांडण पुढे संस्थारूप झाले. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आदी मंडळी त्यामागे होती. जुने काव्य आणि जुन्या बखरी एकाच मासिकात छापणे त्यांना स्वाभाविक वाटले, ही गोष्ट आजच्या अभ्यासक्रम-निर्मात्यांनी ध्यानात घ्यावी. साहित्य आणि इतिहास यांची फारकत पुढे विद्यापीठांतील विभागांनी केली. संग्राहकांच्या पिढीला ती ठाऊक नव्हती.

घरच्या शिक्षणाची परंपरा याला समांतर चाललेली दिसते, आणि ती मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला आलेली आहे. शाळेचे दार बंद असलेल्यांनाच घरी शिकावे लागले. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी झाला. न्यायमूर्तींनी त्यांना मराठी आणि मग इंग्रजी शिकवायला घेतले. घरातील स्त्रियांनी या शिक्षणाला केलेला विरोध रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' (१९१०) या ग्रंथात नोंदवला आहे. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणना होणाऱ्या या पुस्तकाचा नायक मात्र शिकवणारा आहे, शिकणारी नव्हे. घरी शिकवणारी व्यक्ती प्रेमाने शिकवते आणि सत्ताही गाजवते. तिच्याशी मतभेद दाखवणे शाळेतील मास्तरांशी मतभेद दाखवण्याहून कठीण असते, कारण संध्याकाळी तिच्याच हातचे जेवायचे असते.

याच काळात बुलढाण्याला ताराबाई शिंदे वडिलांकडून घरीच शिकल्या. त्यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ चा. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून झालेल्या शिक्षेनंतर उठलेला गदारोळ हे त्याचे निमित्त. या निबंधात त्यांनी पुराणकथांतील आणि समकालीन नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचा जो समाचार घेतला आहे, तो वाचताना या बाईंनी किती वाचले होते, यापेक्षा वाचलेल्याला त्या किती निर्भयपणे उत्तर देत होत्या, याचे आश्चर्य वाटते. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. एकाच पिढीत, एकाच भाषेत, घरीच शिकलेल्या या दोन लेखिका आहेत. घर विद्यार्थिनीला काय देते, याचा निर्णय दोघींना मिळालेल्या पुस्तकांच्या संख्येवरून होत नाही. वाचलेल्याला उलट उत्तर देण्याची मोकळीक किती होती, यावरून होतो.

तिसरे उदाहरण राजवाड्यातील आहे. गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) हे १८८९ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत वाचक म्हणून लागले आणि पुढे राजपुत्रांचे शिक्षक झाले. राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवायचा, तर मराठीत क्रमवार लिहिलेला समाधानकारक ग्रंथ हाताशी नव्हता. सरदेसाईंनी पाठांसाठी टिपणे काढली, आणि त्या टिपणांतून रियासतींचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. 'मुसलमानी रियासत' १८९८ मध्ये निघाली, 'मराठी रियासती'चा पहिला भाग १९०२ मध्ये. योगायोग असा की १८९८ हेच राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडाचेही वर्ष. पानिपतापर्यंतच्या दशकातील पत्रे त्या खंडात छापली गेली. एकीकडे शिकवण्यासाठी सलग कथन रचले जात होते, तर दुसरीकडे त्या कथनाला धक्के देणारी कागदपत्रे छापून येत होती. सरदेसाईंनी आपले ग्रंथ पुन्हा पुन्हा सुधारले. बडोद्याची नोकरी संपल्यावर, साठी उलटलेली असताना, त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. रियासतकारांचे थोरपण आम्हांला यात दिसते : शिक्षकाने आपलीच टिपणे कागदांपुढे ठेवून तपासली.

या तीन दाखल्यांवरून आमचे तत्त्व ठरले. घरच्या अभ्यासक्रमासाठी एक उत्तम पुस्तक शोधू नये. एकमेकांशी न पटणारी दोन-तीन पुस्तके शोधावीत आणि त्यांपैकी एक तरी अस्सल साधन असावे. शाळेत मतभेद आपोआप मिळतो. बाकावरील मैत्रीण वेगळ्या घरातून येते, दोन शिक्षकांचे एकमत नसते. घरात आवाज एकच असतो. तो कितीही सुजाण असला तरी त्याला प्रतिवाद हवा, आणि तो पुस्तकांतूनच आणावा लागतो.

*

याचे उदाहरण म्हणून आम्ही पहिल्या सत्रासाठी एकच व्यक्ती निवडली : छत्रपती संभाजी महाराज. हिंदीतील 'छावा' हा चित्रपट २०२५ मध्ये आला, तेव्हा चारकोपपासून कोल्हापूरपर्यंत घराघरांत त्यावर बोलले गेले. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या मनात या राजाची जी प्रतिमा आहे, ती बव्हंशी या चित्रपटाने घडवलेली आहे. मुले चित्रपट पाहतात याची आम्हांला तक्रार नाही. तो कशावर उभा आहे, हे मात्र त्यांना विचारता आले पाहिजे.

चित्रपटाखाली शिवाजी सावंत यांची 'छावा' (१९७९) ही कादंबरी आहे. कादंबरीच्या आधी वा. सी. बेंद्रे यांचे १९६० मधील संभाजीचरित्र आहे. कित्येक वर्षे देशोदेशीची साधने धुंडाळून लिहिलेल्या या चरित्राने या राजाविषयीचा रूढ समज मुळापासून हलवला. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' (१९७१) हा प्रबंधही त्याच वाटेने जातो. वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाटक बेंद्र्यांच्या चरित्रानंतर दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये आले. त्यातील बापलेकांचा ताण समजून घेताना ही तारीख विसरू नये. बेंद्र्यांच्या आधी राम गणेश गडकरी यांचे 'राजसंन्यास' हे नाटक. १९१९ मध्ये गडकरी वारले तेव्हा ते अपूर्ण होते. त्यातील संभाजी विलासात बुडालेला आहे. गडकऱ्यांनी ही प्रतिमा स्वतः कल्पिली नव्हती. ती त्यांना बखरींतून, विशेषतः मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीच्या परंपरेतून मिळाली होती. चिटणिशांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. संभाजी महाराजांचा अंत १६८९ मधला, म्हणजे मध्ये शंभरांहून अधिक वर्षे गेलेली. आणि मल्हार रामराव हे ज्या बाळाजी आवजी चिटणीस यांचे वंशज, त्यांना संभाजी महाराजांच्याच आज्ञेने १६८१ मध्ये देहदंड झाला होता.

ही साखळी उलट्या क्रमाने, चित्रपटापासून बखरीपर्यंत, विद्यार्थिनीने स्वतः चढून जावी. प्रत्येक पायरीवर तिने तीनच प्रश्न विचारायचे : हे कोणी लिहिले, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले, आणि लिहिणाऱ्याचा या घटनेशी काय संबंध होता? शेवटच्या पायरीवर पोचल्यावर चिटणीस खोटारडे होते, एवढेच अनुमान तिने काढले तर अभ्यास फसला. त्याच बखरकाराकडे राज्यकारभाराची, घराण्यांची, रिवाजांची जी माहिती आहे, तिचे मोल कमी होत नाही. ज्या साक्षीदाराचा हितसंबंध उघड आहे, त्याची साक्षही ऐकायची असते. ती कशी ऐकायची, हे शिकायचे असते. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर शिर्के कुळातील वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर आक्षेप घेतला होता. साडेतीनशे वर्षांनंतरही वंशजांचा हितसंबंध जागा असतो, हे कळायला याहून जवळचे उदाहरण नको.

साहित्याच्या अभ्यासाला या साखळीत दुय्यम जागा आहे असे कोणी समजू नये. 'राजसंन्यासा'तील संभाजी कागदपत्रांशी जुळत नाही म्हणून ते नाटक वाईट ठरत नाही, आणि एखादी कादंबरी बेंद्र्यांशी जुळते म्हणून ती चांगली ठरत नाही. गडकऱ्यांच्या भाषेचा झोत, त्यांची शोकात्म दृष्टी यांचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. नरहर कुरुंदकरांची 'श्रीमान योगी'ची (१९६८) प्रस्तावना या ठिकाणी वाचायला द्यावी. कादंबरीकाराचा मित्र कादंबरीच्याच आरंभी इतिहासाचे प्रश्न इतक्या परखडपणे उभे करतो आणि कादंबरीकार त्या प्रश्नांना आपल्या पुस्तकात जागा देतो, ही वाङ्मयीन संस्कृतीतील दुर्मीळ गोष्ट आहे.

या अभ्यासाला सौजन्याचे मोल आहे, तसे धोक्याचेही भान आहे. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावरील संतापाची किंमत हस्तलिखितांनी मोजली. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा रातोरात उखडून नदीत टाकला गेला, कारण 'राजसंन्यास'. शंभर वर्षांपूर्वीचा नाटककार कोणत्या साधनांवर अवलंबून होता, हे विचारण्याची सवय समाजात असती, तर त्याच्यावर टीका झाली असती, पुतळा मात्र जागेवर राहिला असता. इतिहास आणि साहित्य यांतील फरक ओळखणे हे परीक्षेतील दोन गुणांपुरते काम नव्हे.

*

दुसरे सत्र आम्ही राहत्या जागेपासून सुरू करायला सांगितले. उपनगरात इतिहास नसतो, तो फोर्टात, रायगडावर नाहीतर पुण्यात असतो, अशी आपली समजूत आहे. चारकोपची वसाहत हीच मुळी एक ऐतिहासिक घटना आहे. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प हाती घेतला गेला, आणि त्यात चारकोप आणि गोराई येथे म्हाडाने पाणी, गटारे, रस्ते अशा सोयी पुरवून लहान लहान भूखंड वाटले. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे. सेक्टर, भूखंड क्रमांक आणि गृहनिर्माण संस्थेचे नाव असा येथील पत्ता हा त्या धोरणाचा दस्तऐवज आहे. आजोबांच्या नावाचे वाटपपत्र, संस्थेची नोंदणी, घरावर चढत गेलेल्या मजल्यांची साल हे सारे विद्यार्थिनीने घरातल्या कपाटातून काढावे. वसाहतीआधीच्या चारकोप गावातील वृद्धांशी बोलावे. गिरणगाव सोडून उपनगरांत आलेली कुटुंबे शेजारी असतील, तर १९८२ चा संप त्यांच्या तोंडून ऐकावा. त्याच्या जोडीला जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला मौखिक इतिहास वाचावा. नाटक, मुलाखत आणि शेजारीण यांची साक्ष कोठे जुळते आणि कोठे नाही, हे लिहावे.

मग थोडे मागे जावे. चारकोपहून उत्तरेला काही मैलांवर मंडपेश्वरची लेणी आहेत. शैव लेणे, सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी केलेले त्याचे प्रार्थनास्थळ, बाहेरच्या भिंतीवर कोरलेला क्रॉस, माथ्यावर पोर्तुगीज इमारतीचे भग्नावशेष आणि आज पुन्हा चालणारी शिवपूजा, असे सारे एकाच खडकावर आहे. साष्टी बेटाचा राजकीय इतिहास येथे उभा राहून सांगता येतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

पाठ्यपुस्तकात वसईच्या मोहिमेला विजय हा एक शब्द पुरतो. वसईच्या आणि साष्टीच्या ख्रिस्ती मराठी माणसाने तो शब्द कसा वाचावा? फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) वसईचे. मराठीत लिहिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे आत्मकथन चिमाजी अप्पांच्या मोहिमेच्या पत्रांशेजारी ठेवले की मराठी हा शब्द केवढा रुंद आहे, ते कळते. फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६) येथे आठवेल. परंतु स्टीफन्सची साष्टी ही गोव्यातील साष्टी, ठाण्याची नव्हे. नावे सारखी म्हणून जागा एक मानण्याचा मोह आवरणे हाही इतिहासाच्या शिस्तीचा पाठ आहे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी आणखी मागे नेते. तेथील शंभरांवर शिलालेखांत कल्याणसारख्या बंदरांतील व्यापाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांची दाने नोंदलेली आहेत. त्यांच्या जोडीला हाल सातवाहनाच्या नावाने ओळखली जाणारी 'गाथासप्तशती' वाचावी, स. आ. जोगळेकरांची १९५६ मधील आवृत्ती मराठी वाचकाला पुरेशी आहे. शिलालेखातील स्त्री दान देते, नाव सांगते आणि पुण्य मागते. गाथेतील स्त्री नाव सांगत नाही, पण मनातले बोलते. दोन्ही मिळून त्या काळाची जी ओळख होते, ती एकट्या कोणाकडून होत नाही.

दुसऱ्या वर्षासाठी आम्ही सविस्तर यादी दिली नाही. महाड १९२७ आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा हे दोन विषय सुचवले. त्यांसाठी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९), दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि अण्णाभाऊ साठ्यांच्या छकडी एवढीच नावे सांगितली. आत्मकथन हे साधन आहे की साहित्य, हा प्रश्न तेथे आपोआप उभा राहील.

*

परीक्षेचा प्रश्न टाळून चालणार नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे आणि त्यात गृहशिक्षणाचा उल्लेख नाही. पंधराव्या वर्षानंतरचा मार्ग परीक्षेतूनच जातो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ, किंवा राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा सतरा नंबरचा अर्ज असे पर्याय आहेत. राष्ट्रीय संस्थेत माध्यमिक पातळीवर इतिहास सामाजिक विज्ञानात मिसळलेला असतो आणि उच्च माध्यमिक पातळीवर स्वतंत्र विषय म्हणून घेता येतो. यांपैकी कोणताही मार्ग घेतला तरी उत्तरे ठरावीक मागितली जातात. चिटणिशांचा हितसंबंध उलगडून दाखवणाऱ्या उत्तराला तेथे जास्त गुण मिळणार नाहीत. पालकांनी हे आधीच मान्य करून परीक्षेच्या तयारीसाठी वर्षातील शेवटचे तीन-चार महिने बाजूला ठेवावेत आणि उरलेले महिने परीक्षेच्या भीतीपासून राखावेत. दोन्ही एकाच वेळी साधू पाहणाऱ्या घरात परीक्षाच जिंकते, हा महाविद्यालयात येणाऱ्या मुलांकडे पाहून झालेला आमचा अनुभव आहे.

खर्चाचाही विचार करावा. वर सांगितलेली बहुतेक पुस्तके दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत पाहायला मिळू शकतात. लेणी जवळ आहेत, शेजारी तर दारात. परदेशी संचाच्या किमतीत यातील कितीतरी पुस्तके विकत घेता येतील. वेळ मात्र द्यावा लागेल, आणि तो आईवडिलांनी स्वतः वाचण्याचा वेळ आहे. मुलीबरोबर जे स्वतः बखर वाचणार नाहीत, त्यांनी घरचा इतिहास शिकवण्याच्या भानगडीत पडू नये; चांगली शाळा पाहावी.

शेवटी पद्धतीविषयी एक सूचना. प्रत्येक सत्राच्या अखेरीस विद्यार्थिनीने एक टीकालेख लिहावा. तो वाचलेल्या पुस्तकांपैकी एखाद्यावर, किंवा शिकवणाऱ्याने केलेल्या एखाद्या विधानावर असावा. शिकवणाऱ्याने त्याला तोंडी नव्हे, लेखी उत्तर द्यावे, आणि त्या उत्तरात साधन कोणते ते सांगावे. पुढील सत्राची पुस्तके या दोन कागदांवरून ठरवावीत. कीर्तन्यांच्या लेखाला जागा देणारी सभा आणि मासिक पुण्या-मुंबईत होते. घरी शिकणाऱ्या मुलीसाठी ती जागा घरातच करावी लागेल, आणि आईवडिलांच्या मताविरुद्ध लिहिलेला लेखही तेथे स्वीकारला जाईल, हे तिला पहिल्याच दिवशी सांगावे लागेल.